मेंदूचा क्षय आणि हरवणारे दिवस

क्षयमुक्त भारतासाठी ठरवून घेतलेले २०२५ हे वर्ष सरले. मार्च २०१८ मध्ये दिल्लीतील परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जागतिक मुदतीच्या पाच वर्षे आधी देशातून क्षयरोग हद्दपार करण्याचा संकल्प जाहीर केला होता. त्या दिशेने काहीच घडले नाही, असे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ साली लाख लोकसंख्येमागे २३७ जणांना क्षयाची लागण होऊन आजार होत होता. २०२४ साली हे प्रमाण १८७ वर आले. तरीही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक भारतात आहे आणि ठरलेले उद्दिष्ट अजून दूर आहे.

या आकडेवारीत एक रुग्ण सहसा दिसत नाही. तो दोन-तीन वर्षांचा असतो. त्याला खोकून थुंकी काढता येत नाही, त्यामुळे थुंकीच्या तपासणीत तो सापडत नाही. त्याच्यापासून इतरांना संसर्ग होण्याचा धोका फारसा नसल्याने साथ रोखण्याच्या हिशेबातही त्याला मागचे स्थान मिळते. मात्र क्षयाचा सर्वांत घातक प्रकार त्याच्याच वाट्याला आलेला असतो. मेंदूच्या आवरणांना होणारा हा क्षय २०१९ साली जगभरातील सुमारे २४ हजार मुलांना झाला आणि त्यांपैकी सुमारे १६ हजार दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू निदान किंवा उपचारच न झालेल्या मुलांचे होते.

जगातील एकूण क्षयरुग्णांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वाटा ११ ते १२ टक्के मानला जातो. भारतात नोंद होणाऱ्या रुग्णांत तो सहा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. या दोन आकड्यांमधील अंतराचा मोठा भाग म्हणजे आजारी असूनही न ओळखली गेलेली मुले. ती का ओळखली जात नाहीत, याचे उत्तर शोधायचे तर मुंबईपासून शंभर किलोमीटरवरील बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा आणि त्यामागचा पालघर जिल्ह्याचा डोंगराळ भाग नीट पाहावा लागतो. तेथे औषध मोफत आहे, लस आहे, आधुनिक चाचणीही आहे. उणीव आहे ती आजाराच्या पहिल्या दोन आठवड्यांचा हिशेब ठेवण्याची.

दोन टोकांचा जिल्हा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख असून तिच्यात आदिवासींचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. जिल्ह्याच्या एका टोकाला जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांसारखे डोंगराळ तालुके आहेत, तर दुसऱ्या टोकाला पश्चिम रेल्वेच्या दुतर्फा वाढलेली शहरे आणि कारखानदारी.

तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे हजाराहून अधिक लहानमोठे कारखाने तेथे आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून ते जिल्ह्यातल्याच आदिवासी पाड्यांपर्यंत सर्व ठिकाणचे कामगार या कारखान्यांत राबतात. सरावली, खैरापाडा, सालवड, पास्थळ, कुंभवली या गावांच्या हद्दीत त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे, एकच खिडकी आणि तीही बहुधा बंद, असे या वस्तीचे सर्वसाधारण चित्र आहे. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. खोकणाऱ्या माणसाबरोबर एकाच खोलीत रात्रंदिवस राहणारे लहान मूल त्याला सर्वांत सहज सापडते.

डोंगराळ भागाची अडचण वेगळी आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न राज्यासमोर आणला. त्यानंतर योजना आल्या, पण दिवाळीनंतर कामासाठी घर सोडण्याची गरज संपली नाही. भातकापणी झाली की वारली, कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे लेकराबाळांसह वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. परततात ती होळीला किंवा पावसाच्या तोंडावर. या काळात मुलाचे वजन घेणारी अंगणवाडी सुटते, लसीकरणाचे कार्ड घरी राहते आणि ओळखीची आशा कार्यकर्तीही मागे राहते. कुपोषणाने रोगप्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. दाटीवाटीची खोली आणि अर्धपोटी मूल या क्षयाला पूरक अशा दोन्ही गोष्टी या जिल्ह्यात एकमेकींना भेटतात.

आजार मेंदूपर्यंत कसा जातो?

मेंदूचा क्षय मेंदूत सुरू होत नाही. श्वासावाटे जंतू प्रथम फुप्फुसात जातो. मोठ्या माणसाचे शरीर त्याला बहुधा तेथेच कोंडून ठेवते. पाच वर्षांखालील, विशेषतः दोन वर्षांखालील मुलांत ही कोंडी कच्ची राहते आणि जंतू रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो. तेथे त्याचे सूक्ष्म अड्डे तयार होतात. असा एखादा अड्डा मेंदूभोवतीच्या पाण्यात फुटला की आवरणांना सूज येते, हे अमेरिकेतील आर्नल्ड रिच आणि हॉवर्ड मॅकॉर्डक यांनी १९३३ साली दाखवून दिले. लागण झाल्यापासून बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच हे घडते.

पुढची सारी लक्षणे या एका घटनेतून उलगडतात. मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट स्राव साचतो. मेंदूतील पाणी वाहून जाण्याचे मार्ग त्यामुळे तुंबतात आणि डोक्यातला दाब वाढतो. म्हणून उलट्या आणि डोकेदुखी. तान्ह्या मुलाची टाळू वर येते, डोक्याचा घेर वाढू लागतो. डोळ्यांची हालचाल करणाऱ्या नसा त्या स्रावात सापडतात. म्हणून अचानक तिरळेपणा. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुजून बंद पडतात. म्हणून एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. हे सर्व एका दिवसात होत नाही, आणि उपचाराला संधी मिळते ती याच कारणाने.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ साली या आजाराचे तीन टप्पे ठरवले. ते थोड्याफार फरकाने आजही वापरले जातात. पहिल्या टप्प्यात मूल शुद्धीवर असते आणि मेंदूच्या बिघाडाचे कोणतेही ठोस चिन्ह दिसत नाही. दुसऱ्या टप्प्यात मूल गुंगीत जाते, किंवा तिरळेपणा, लुळेपणा अशी चिन्हे उमटतात. तिसऱ्या टप्प्यात ते बेशुद्ध असते. पहिल्या टप्प्यात औषध सुरू झाले तर मूल बहुधा धडधाकट बरे होते. तिसऱ्या टप्प्यात वाचले तरी अनेकदा दृष्टी, श्रवण, चालणे किंवा बुद्धी यांपैकी काहीतरी गमावून वाचते. विविध देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार मिळालेल्या मुलांतही सुमारे १९ टक्के दगावली आणि वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना कायमचे व्यंग राहिले. कोणतीही हानी न होता बरी झालेली मुले तीनात जेमतेम एक होती.

पहिल्या टप्प्याची खूण

पहिला टप्पाच सर्वांत मोलाचा आणि तोच ओळखायला सर्वांत अवघड, ही या आजारातील मुख्य अडचण आहे. या दिवसांत दिसते ते इतकेच : बारीक ताप, भूक मंदावणे, वजन न वाढणे, चिडचिड, अधूनमधून उलटी, मोठ्या मुलाची डोकेदुखीची तक्रार. खेळकर मूल कोपऱ्यात बसून राहू लागते. यातले प्रत्येक लक्षण दहा साध्या आजारांत दिसते. पालघरसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप म्हटला की हिवताप, विषमज्वर, लेप्टो यांचीच शंका आधी येते, आणि ते चुकीचेही नाही. तापाने फणफणलेल्या प्रत्येक मुलाला मेंदूचा क्षय असतो, असा समज पसरला तर त्यातून भीतीपलीकडे काही साधणार नाही.

फरक करतो तो काळ. जिवाणूंमुळे होणारा नेहमीचा मेंदूज्वर एक-दोन दिवसांत उग्र रूप धारण करतो. विषाणूचा ताप बहुधा आठवड्याच्या आत ओसरतो. क्षयाचा आजार मात्र दिवसेंदिवस हळूहळू चढत जातो. म्हणूनच मेंदूज्वराची लक्षणे पाच दिवसांहून अधिक काळ चालू असतील तर क्षयाचा विचार झालाच पाहिजे, असे निकष तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१० साली मांडले. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही दोन आठवड्यांहून अधिक काळचा ताप किंवा खोकला, वजनातील घट आणि घरात क्षयरुग्ण असणे, या गोष्टी मुलांतील क्षयाच्या संशयासाठी महत्त्वाच्या मानतो.

अर्थात, दोन आठवडे हा संशयाचा निकष आहे, थांबून राहण्याचा परवाना नव्हे. मूल नेहमीपेक्षा जास्त झोपाळू दिसू लागले, वारंवार उलट्या होऊ लागल्या, आकडी आली, डोळा तिरळा झाला, मान ताठ वाटली किंवा एका बाजूची हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. दोन वर्षांखालील मुलांत मान ताठ होण्याचे चिन्ह अनेकदा दिसतच नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या विषयातील महत्त्वाचे काम मुंबईतच झाले आहे. जे. जे. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांनी क्षयाने दगावलेल्या मुलांच्या मेंदूंचा तपशीलवार अभ्यास केला. आवरणांना फारशी सूज नसतानाही मेंदूच्या आतील भागाला इजा होऊन मुलाला झटके येऊ शकतात, ते बेशुद्ध पडू शकते, हे त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडले. मान ताठ नाही म्हणून मेंदूचा क्षय नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही, हा धडा सहा दशकांपूर्वी याच भूमीतून जगाला मिळाला. बोईसरपासून जे. जे. रुग्णालय काही तासांच्या अंतरावर आहे. तो धडा गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला मात्र याहून बराच अधिक काळ लागतो आहे.

प्रत्येक दवाखान्यात पहिला दिवस

दिवस हरवतात ते कोणा एकाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. व्यवस्थेची घडणच तशी आहे. रोजंदारीवरील कामगार मुलाला ताप आला की जवळच्या दवाखान्यात नेतो, कारण सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे तर दिवसाचा खाडा पडतो. तेथे तापाचे औषध आणि एखादे प्रतिजैविक मिळते. दोन दिवसांत उतार पडला नाही की दुसरा डॉक्टर. तेथे रक्ततपासणीत विषमज्वराचा अंदाज निघतो, सलाइन लागते. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंवरही अंशतः परिणाम करतात. त्यामुळे ताप तात्पुरता कमी होतो आणि घरच्यांना दिलासा वाटतो. चार दिवसांनी पुन्हा ताप. मग तिसरा डॉक्टर, किंवा पाड्यावर असतील तर भगत. झटका आला की मगच मोठ्या रुग्णालयाची वाट धरली जाते.

या साखळीतील प्रत्येक डॉक्टरासमोर येते ते दोन दिवस तापलेले मूल. आधीच्या डॉक्टरचा कागद बरोबर नसतो, असला तरी त्यावर औषधाच्या नावांपलीकडे फारसे काही नसते. आई सांगते ते ताज्या तापाचे दिवस. मधला उतार तिने आजार संपला असे समजून वजा केलेला असतो. परिणामी बाराव्या दिवसाचे मूल प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या दिवसाचे ठरते. ज्या आजाराचे निदान दिवस मोजण्यावर अवलंबून आहे, त्यात दिवस मोजणारेच कोणी उरत नाही.

ही स्थिती केवळ पालघरची नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन परिसरात वीस वर्षांत दाखल झालेल्या ५५४ बालरुग्णांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातही बहुतांश मुले दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यातच रुग्णालयात पोहोचली होती. म्हणजे पहिला टप्पा निसटणे हा या आजाराचा जागतिक स्वभाव आहे. पण जेथे कुटुंबच सहा महिने एका गावी आणि सहा महिने दुसऱ्या गावी असते, तेथे तो अधिक सहज निसटतो.

चाचणीची मर्यादा

सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट या चाचण्यांनी क्षयाचे निदान काही तासांवर आणले. औषधाला दाद न देणारा जंतू आहे का, हेही त्यांतून कळते. मेंदूच्या क्षयासाठी मात्र नमुना लागतो तो पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा. पाठीतून पाणी काढले की मूल लुळे पडते, हा समज ग्रामीण भागातच नव्हे तर शहरांतही घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात लुळेपणा येतो तो आजाराने आणि उशिराने. योग्य काळजी घेऊन केलेली ही तपासणी सुरक्षित असते, हे समजावून सांगायला डॉक्टरांकडे वेळ असावा लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोच नसतो.

नमुना मिळाला तरी प्रश्न संपत नाही. त्या पाण्यात जंतूंची संख्या अत्यल्प असते. त्यामुळे चाचणी नकारात्मक आली तरी क्षय नाही, असे म्हणता येत नाही. डॉक्टरांना पाण्यातील पेशींचे प्रमाण, वाढलेली प्रथिने, घटलेली साखर, मेंदूच्या छायाचित्रातील तळाची सूज व साचलेले पाणी आणि घरातील क्षयरुग्णाचा इतिहास यांचा एकत्रित विचार करून निर्णय घ्यावा लागतो. संशय बळकट असेल तर अहवालाची वाट पाहत उपचार लांबवू नयेत, हे जगभर मान्य झालेले तत्त्व आहे. यंत्र आल्याने डॉक्टरच्या संशयाची गरज कमी झालेली नाही, हे या आजाराच्या बाबतीत पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

या सर्व सुविधा एका छताखाली मिळणे ही वेगळीच बाब. बोईसर-पालघर भागातील गंभीर बालरुग्णाला मुंबई, ठाणे, सिल्वासा किंवा वलसाडची वाट धरावी लागते. जव्हार-मोखाड्याच्या लोकांना नाशिक जवळ पडते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी रेल्वे डहाणू रोडपर्यंत आली, २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. अंतर त्यामुळे काहीसे सुसह्य झाले. पण प्रवासाला निघण्याचा निर्णय कोणत्या दिवशी होतो, हा प्रश्न रेल्वे सोडवू शकत नाही.

घरातला खोकला

लहान मुलाला क्षय बहुधा मोठ्या माणसाकडून होतो आणि तो माणूस बहुतेक वेळा घरातला किंवा शेजारच्या खोलीतला असतो. म्हणून मुलाच्या तापाची चौकशी करताना ‘घरात कोणाला दीर्घकाळ खोकला आहे का, कोणी क्षयाची औषधे घेत आहे का’ हा प्रश्न कोणत्याही महागड्या तपासणीइतका मोलाचा आहे. त्याला पैसे लागत नाहीत. तो विचारला जात नाही, आणि विचारला तरी उत्तर दडवले जाते. क्षय झाल्याचे कळले तर काम जाईल, खोली सोडावी लागेल, घरातल्या मुलीचे लग्न अडेल, ही भीती आजही आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू प्रतिबंधाची आहे. थुंकीत जंतू आढळलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील मुलांची तपासणी करून, क्षय नसलेल्या मुलांना प्रतिबंधक औषध द्यावे, हा नियम राष्ट्रीय कार्यक्रमात फार आधीपासून आहे. २०२१ पासून तो घरातील सर्व वयाच्या संपर्कातील व्यक्तींपर्यंत वाढवण्यात आला. हा नियम प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक पाड्यावर तंतोतंत पाळला गेला, तर मेंदूच्या क्षयाचे कितीतरी बालरुग्ण निर्माणच होणार नाहीत. मात्र खासगी डॉक्टरकडे उपचार घेणारा रुग्ण नोंदलाच गेला नाही, तर त्याच्या घरापर्यंत कोणी पोहोचत नाही. क्षयरुग्णाची नोंद करणे २०१२ सालीच सक्तीचे झाले आहे आणि २०१८ साली ती न करणे दंडनीय ठरवण्यात आले.

बीसीजी लसीचे महत्त्वही येथेच आहे. ही लस मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून फारसे संरक्षण देत नाही, हे तमिळनाडूतील चिंगलपेटच्या दीर्घ प्रयोगाने दाखवून दिले. तिची खरी कामगिरी लहान मुलांत दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार मेंदूच्या क्षयापासून ती सुमारे ७३ टक्के संरक्षण देते. जन्मतः राहून गेल्यास वर्षाच्या आत ती देता येते. वीटभट्टीवर किंवा बांधकामाच्या जागी जन्मलेले मूल हे वर्ष कधी ओलांडते, हे कोणाला कळतही नाही. अर्थात, दंडावरील बीसीजीचा व्रण पाहून क्षयाची शंका झटकून टाकणेही धोक्याचे, कारण हे संरक्षण पूर्ण नाही.

पोषणाबाबतचा पुरावाही आता स्पष्ट आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबाला अतिरिक्त धान्य दिल्यावर घरातील इतरांना होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटला. केंद्र सरकारने क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये केली. मदत रुग्णाला आहे. ताट मात्र सगळ्या घराचे असते.

उपचाराचे वर्ष

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत या आजाराचे जवळपास प्रत्येक मूल काही आठवड्यांत दगावत असे. आज उपचार आहेत. सरकारी कार्यक्रमात ते मोफत मिळतात आणि साधारणपणे वर्षभर चालतात. सुरुवातीला सूज कमी करण्यासाठी स्टिरॉइड दिली जातात. मेंदूतील पाणी साचत राहिले तर नळी बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. घरातील मोठ्या रुग्णाचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल, तर मुलाचाही तसाच असण्याची शक्यता मोठी. म्हणून त्या मोठ्या रुग्णाचा अहवाल मुलाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक ठरते.

वर्षभराचा हा उपचार आणि सहा महिन्यांचे स्थलांतर यांचा मेळ घालणे हे पालघरमधील खरे आव्हान आहे. निक्षय या संगणकीय नोंदीत रुग्णाला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी उभारलेल्या प्रणालीच्या प्राथमिक प्रयोगातही पालघर जिल्हा होता. दोन्ही नोंदी एकमेकींशी जोडल्या गेल्या, तर वसईच्या भट्टीवर गेलेल्या मोखाड्याच्या मुलाचे औषध खंडित होणार नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या मूलभूत औषधांचा देशभर तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. अशा तुटवड्यात मोठा माणूस कदाचित काही दिवस तग धरेल. मेंदूचा क्षय असलेल्या मुलाला तेवढी सवलत नसते.

मोजायचे काय?

उपाय फार खर्चिक नाहीत. मुलाच्या प्रत्येक केसपेपरवर ताप पहिल्यांदा आल्याची तारीख आणि वजन लिहिणे ही सवय बोईसरच्या खासगी दवाखान्यांपासून जव्हारच्या उपकेंद्रांपर्यंत लावता येईल. अंगणवाडीतील वजनाचा तक्ता हा तर तयार पुरावा आहे. सलग दोन-तीन महिने वजन न वाढलेले मूल कुपोषित म्हणून नोंदले जाते; त्याच वेळी त्याच्या घरातील खोकल्याची चौकशी व्हायला हवी. शालेय व अंगणवाडी तपासणीच्या पथकांना हे काम देता येईल. कारखान्यात क्षयाचा रुग्ण आढळला की त्याच्या खोलीतील मुलांची यादी करणे हे कामगाराच्या आरोग्याचाच भाग मानले पाहिजे. आणि बचावलेल्या मुलांना श्रवण, दृष्टी, हालचाल यांची तपासणी व पुनर्वसन मिळायला हवे. अन्यथा उपचार ‘पूर्ण’ झाल्याची नोंद होते आणि मूल घरात खिळून राहते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजमाप बदलणे. क्षय कार्यक्रमाचे यश किती संशयित तपासले, किती रुग्ण नोंदले, किती बरे झाले यावर ठरते. मेंदूच्या क्षयाबाबत ते पुरेसे नाही. जिल्ह्यातून रुग्णालयात पोहोचलेले प्रत्येक बालक कोणत्या टप्प्यात पोहोचले आणि पहिल्या तापापासून पहिल्या औषधापर्यंत किती दिवस गेले, हे दोन आकडे नोंदवून दरवर्षी जाहीर केले, तर कोणत्या तालुक्यात दिवस हरवतात ते लपून राहणार नाही. पहिल्या टप्प्यात पोहोचणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढू लागले, तरच या जिल्ह्यात क्षय मागे हटतो आहे, असे खात्रीने म्हणता येईल.